शिट्टी झाली का

माझी आणि त्यांची ओळख कुकरमुळे झाली. म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या त्यांच्या घराच्या वरची खोली मी भाड्याने घेतली आणि दुसऱ्याच सकाळी दारावर थापा पडल्या. उघडलं तर घरमालक. बनियन, पंचा, आणि कानामागे सुतार पेन्सिल ठेवतात तशी एक बारीक तार.

"गॅस केव्हाचा पेटलाय. शिट्टी का नाही झाली?"

मी काही बोलायच्या आत ते स्वयंपाकघरात शिरले, गॅस बंद केला, मला हाताने मागे सारलं आणि कुकर नि मी यांच्या मध्ये उभे राहिले. कुकर निवेपर्यंत तसेच उभे. मग झाकण काढून खिडकीच्या उजेडाकडे धरलं, शिट्टीच्या नळीतून एका डोळ्याने पाहिलं आणि कानामागच्या तारेने तुरीच्या डाळीचं एक साल बाहेर काढलं.

"एवढंसंच असतं," म्हणाले. "आता लाव."

पहिली शिट्टी होईपर्यंत ते ओट्याला टेकून थांबले. झाली तेव्हा मान हलवली आणि निरोप न घेता जिना उतरून गेले.

सगळी गल्ली हे सोसत होती. सकाळी काका (घरमालकांना मी काकाच म्हणू लागले होते) अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि घराघरांतले कुकर ऐकायचे. कोणाची शिट्टी लांबली की उठून बेल वाजवायची. समोरच्या निवृत्त मास्तरीणबाई त्यांना पुरत्या ओळखून होत्या. काका फाटकापर्यंत पोचले की खिडकीतूनच, 'सर'ला इथे म्हणतात तसं 'सार' म्हणत, ओरडायच्या, "इडली, सार, इडली! इडलीला शिट्टी नसते!" काका तिथूनच वळायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, लोक हसतात तुम्हाला. म्हणाले, "हसू दे की. हसणारा माणूस जिवंत असतो, अल्वा?"

वाक्याच्या शेवटी असा कानडी 'अल्वा', म्हणजे 'हो की नाही', लावायची त्यांना सवय होती. म्हैसूरच्या आम्हा मराठी घरांतून ती सगळ्यांनाच असते. त्यांचं वेगळेपण इतकंच, की समोरच्याने खरंच उत्तर द्यावं अशी त्यांची अपेक्षा असायची. ते मिळाल्याशिवाय पुढे जायचे नाहीत.

दुसरी सवय एका प्रश्नाची. "चाकाला किती, चिमणीला किती?" लग्नाहून आलं की विचारायचे, भाषण ऐकून आलं की विचारायचे. प्रवचनकाराला तर एकदा तोंडावर विचारला होता. ते आयुष्यभर मेटगळ्ळीच्या एका मोठ्या कारखान्यात बॉयलरखान्याचे प्रमुख होते. कोळशातली किती उष्णता कामाला लागते आणि किती धूर होऊन वर जाते, याखेरीज जगाकडे पाहायची दुसरी रीत त्यांना माहीत नव्हती.

मी पत्रकांवर वाढलेली. माझे वडील त्याच मेटगळ्ळीत फिटर होते आणि सुटीच्या दिवशी कारखान्यांच्या गेटांवर पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. पुढे कंत्राटी कामगारांच्या संघटनेसाठी मीच पत्रकं लिहायला लागले. वडिलांच्या दोन खोल्यांत माझे कागद आणि भावाचा संसार दोन्ही मावेनात, म्हणून ही खोली. नवं पत्रक छापून आलं की काका ते मागून घ्यायचे, चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचायचे.

"छान पेटलंय," म्हणायचे. "चाकाला किती?"

मला राग यायचा. व्यवस्था बदलायला निघालेल्या माणसाला एक म्हातारा कोळशाचा भाव विचारतो, असं वाटायचं.

परसात त्यांची शेड होती. तिथे, ताडपत्रीखाली, इंजिन. खेळणं म्हटलं की ते चिडायचे, आणि त्यांचं बरोबर होतं. गुडघ्याएवढं उंच, पण आत खरी भट्टी, खरा कोळसा, खरं पाणी, खरी वाफ. प्रत्येक नळी त्यांनी हाताने बसवलेली. मागे ट्रॉलीवर पाय पसरून बसायचं आणि चिमुकल्या फावड्याने कोळसा घालत चालवायचं. अशी इंजिनं करणाऱ्या हौशी लोकांचा म्हैसुरात एक छोटा क्लब होता. नंजनगूड रस्त्याला एका कारखानदाराच्या नारळाच्या बागेत त्यांनी गोल रूळ टाकले होते. दर हिवाळ्यात तिथे स्पर्धा भरायची.

ती वेगाची स्पर्धा नव्हती. प्रत्येकाला सारखाच तोललेला कोळसा मिळायचा. मागच्या ट्रॉल्यांवर क्लबातली कुटुंबं बसायची, आणि इंजिनाने किती ओढलं ते मोजणारी एक स्प्रिंगची ट्रॉली मध्ये जोडलेली असायची. शेवटी उरलेला कोळसा पुन्हा तोलायचा. कमी कोळशात जास्त काम करील तो पहिला. शंभर भागांतले दोन भाग जरी चाकाला लागले तरी लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. बाकीचे अठ्ठ्याण्णव म्हैसूरच्या आकाशाला.

काका वर्षानुवर्षं पहिले येत. कसे, ते मला क्लबातल्या एका गृहस्थांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज देवळात असल्यासारखा खाली आला. बॉयलरवर एक पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब वाढला की तो उघडतो आणि किंचाळत वाफ सोडतो. बॉयलर फुटू नये म्हणून. पण सोडलेली वाफ म्हणजे फुकट गेलेला कोळसा. कसबी माणूस दाब बरोबर त्या किंचाळीच्या एक केस खाली धरून ठेवतो. विस्तव पातळ, पाणी वेळेवर. इतरांची इंजिनं मधूनच किंचाळत. काकांचं कधीच नाही. क्लबात त्या इंजिनाला 'मौनी' म्हणत. लोक त्याची शांतता ऐकायला रुळाकडेला उभे राहत.

मी राहायला गेले त्याच्या आधीच त्यांनी स्पर्धा सोडली होती. का, विचारलं तर म्हणाले, "सुम्ने. उगाच." आणि दुसऱ्या कुणाच्या तरी कुकरच्या दिशेने तार रोखून उठले.

भाग्यम्मा माझ्याकडे संघटनेमार्फत आली. नंजनगूडची. अगरबत्त्या वळून बोटं काळी झालेली. तिचा नवरा सिद्दराजू तिथल्या एका कारखान्यात बॉयलरवर होता. बॉयलर फुटला, तो गेला, त्याच्याबरोबर आणखी दोघं गेले. चौकशीत ठरलं की सिद्दराजूने सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग आवळून ठेवली होती. कामगाराचा निष्काळजीपणा. फाइल बंद.

हे असं दर वेळी होतं. मेलेल्या माणसावर दोष टाकणं सगळ्यांत स्वस्त, कारण तो जबाब द्यायला येत नाही. मी तिथल्या तिथे कागद पुढे ओढला.

भाग्यम्मा म्हणाली, "अक्का, पत्रक लिहा. पण माझ्या गल्लीसाठी लिहा."

"म्हणजे?"

"बाकी दोघं माझ्याच गल्लीतले. त्यांच्या घरचे म्हणतात, तुझ्या नवऱ्याने आमची माणसं मारली. नळावर मी गेले की घागर उचलून निघून जातात. उगादीच्या पाडव्याला कडुनिंब-गुळाचं बेवु-बेल्ला सगळ्या घरांत फिरतं, माझ्या दारावरून पुढे जातं. दोनच घरं आहेत, अक्का. त्यांना कळलं की पुरे."

मला सगळं नंजनगूड हलवायचं होतं, आणि हिला दोन घरं. मी तिला समजावू लागले की प्रश्न गल्लीचा नाही. तिने ऐकून घेतलं. मग पदराची गाठ सोडली आणि माझ्यापुढे एक वस्तू ठेवली. "त्याला काम येत नव्हतं म्हणतात. येत नसतं तर मोठ्या सारांनी हे दिलं असतं का?"

ते पितळेचं फावडं होतं, करंगळीएवढं. असली फावडी मी रोज पाहत होते. शेडच्या भिंतीवर ओळीने टांगलेली, आणि ओळीत एक खिळा रिकामा.

मी तिला खाली घेऊन गेले. काका नळाखाली हात धूत होते. फावडं पाहिलं आणि नळ तसाच वाहत राहिला.

"सिद्दराजूची बायको," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

शेडच्या पायरीवर बसून त्यांनी जे सांगितलं ते तिच्यासाठी कानडीत सांगितलं. मी मराठीत लिहिते आहे, एवढाच फरक. बागेचा मालक तोच त्या कारखान्याचा मालक. काका निवृत्त झाल्यावर तो म्हणाला, सार, तुमचं इंजिन जसं चालतं तसा माझा बॉयलर चालवायला पोरांना शिकवा. काकांनी शिकवलं. त्यांचं एक वाक्य मालकाला इतकं आवडलं की त्याने ते लाल रंगात बॉयलरखान्याच्या भिंतीवर लिहून घेतलं: व्हॉल्व्ह ओरडला, कोळसा गेला. मग मॅनेजरने नियम काढला. ज्या पाळीत व्हॉल्व्ह ओरडेल त्या पाळीची कानउघाडणी, सगळ्यांसमोर.

"माझं इंजिन मी दुपारभर चालवतो, जेवून, सावलीत बसून," काका म्हणाले. "त्यांना ओला कोळसा, लांब पाळी, आणि वर ओरडणारा माणूस. मला हे दिसायला पाहिजे होतं. दिसलं नाही."

भाग्यम्मा त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"पुढे एकदा मी पाहणीला गेलो. मी उभा असताना करंट गेला. सगळी मशिनं एकदम थांबली. मशिनं थांबली म्हणजे वाफ घ्यायला कोणी नाही, आणि भट्टी तर पेटलेलीच. अशा वेळी व्हॉल्व्ह ओरडतोच. जगातला कुठलाही कसबी माणूस तो थांबवू शकत नाही, मीसुद्धा नाही. करंट कधी जाणार हे काय कुणाला आधी कळतं? पण व्हॉल्व्ह ओरडला नाही. मी शांतता ऐकली. आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, पोरगा माझ्याहून पुढे गेला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून शाबास म्हटलं. खिशातलं फावडं काढून दिलं."

नळ अजून वाहत होता. मी जाऊन बंद केला.

"त्याने माझ्याकडे कसं पाहिलं ते आठवतंय," काका म्हणाले. "त्याला वाटलं, स्प्रिंग आवळलेली आहे हे सारांना कळलंय आणि सारांना चालतंय."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण एक सांगते. घोषणा लिहिणाऱ्यांच्या घरात मी जन्मले, आणि घोषणा भिंतीवर चढल्यावर कोणाच्या मानेवर बसते हे मला त्या पायरीवर पहिल्यांदा दिसलं. ती शांतता सबंध कारखान्याने ऐकली होती. मॅनेजरची केबिन भिंतीला लागून होती. एकट्या सिद्दराजूचं हे गुपित नव्हतंच, ती कारखान्याची रीत होती, आणि हे सिद्ध करू शकणारा एकच माणूस माझ्यासमोर पंचा आवळून बसला होता. चौकशी पुन्हा उघडा असा अर्ज करू, तुम्ही साक्ष द्या, असं मी म्हटलं. ते पंच्याला ओले हात पुसत राहिले.

भाग्यम्माने फावडं परत गाठीत बांधलं. जाताना त्यांना म्हणाली, "सार, हे माझ्या दोन घरांना सांगाल?"

ते पायरीवरून उठून शेडमध्ये गेले. त्या आठवड्यात त्यांनी ताडपत्री काढली.

ते स्पर्धेत उतरणार हे कळलं तेव्हा मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. साक्षीसाठी तोंड उघडत नाही आणि मालकाच्या बागेत इंजिन पळवायला जातो! तरी मी गेले. राग माणसाला घरी बसू देत नाही.

नारळांच्या सावलीत टेबलं, मद्दूर वडे, चहाचे थर्मास. मालक पांढऱ्या टोपीत सगळ्यांच्या मुलांना उचलून ट्रॉल्यांवर बसवत होता. मौनी परत आली म्हणून म्हातारी मंडळी खुर्च्या रुळाजवळ ओढून बसली. काकांनी इंजिन सोडलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण ते दृश्य सुंदर होतं, हे रागातही नाकारता येईना. माणसांनी भरलेल्या ट्रॉल्या, पुढे तो पाठीत वाकलेला माणूस, आणि धापा टाकणाऱ्या चाकांखेरीज काहीच आवाज नाही. फेऱ्यांमागून फेऱ्या. कोणीतरी कुजबुजलं, यंदा विक्रम होतोय.

मग, मालकाच्या टेबलासमोर, त्यांनी इंजिन थांबवलं. वेळ संपायला अजून अवकाश होता. भट्टी पूर्ण पेटलेली. ते हात मांडीवर ठेवून बसले.

"काय झालं, सार?" मालकाने विचारलं.

"करंट गेला," काका म्हणाले.

आणि व्हॉल्व्ह ओरडला. गुडघ्याएवढ्या इंजिनातून एवढा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. ट्रॉल्यांवरची मुलं कानांवर हात ठेवून रडायला लागली. पांढरी वाफ नारळाच्या झावळ्यांपर्यंत गेली. काका उठून उभे राहिले. त्यांना ओरडूनच बोलावं लागलं.

"माझासुद्धा ओरडतो! थांबवला की ओरडतोच! तुझा ओरडला नव्हता. मी तिथे होतो, तुझा मॅनेजर होता. आम्ही सगळ्यांनी ऐकलं!"

मालक हसतमुखाने जवळ आला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सार, आज सुटी आहे. मुलं घाबरतायत. चहा घ्या."

लोकांनी थर्मासकडे तोंडं वळवली. तेवढंच. कोणी भांडलं नाही, कोणी काही विचारलं नाही. मुलांना उतरवून घेतलं. काकांनी पाणी सोडून, विस्तव खाली ओढून बॉयलर शांत केला, कसा करायला हवा तसाच, घाई न करता. संध्याकाळी फळ्यावर त्यांचं नाव सगळ्यांत खाली होतं. परतीच्या ऑटोत ते म्हणाले, "अर्ज लिही. मला आधी माझ्या कानांनी ऐकायचं होतं. आवळलेला नसला की तो किती ओरडतो ते. मी विसरलो होतो."

साक्ष त्यांनी दिली. चौकशी पुन्हा उघडायला लावण्यासाठी मी किती उंबरे झिजवले ते सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी जे पायरीवर सांगितलं तेच सांगितलं, शाबास म्हटल्याचंही सांगितलं. मॅनेजरने सांगितलं की बॉयलरचं सगळं सल्लागार, म्हणजे काका, बघत असत. नवा निकाल आला. जुन्या निकालातलं सिद्दराजूचं नाव तसंच राहिलं आणि त्याच्या पुढे काकांचं नाव आलं. निष्काळजी कामगार आणि निष्काळजी सल्लागार. मालकाला कारखान्यात सुरक्षिततेचे फलक लावायची सूचना झाली. त्याने लावले, लाल रंगात.

मी ते वाचलं आणि कचेरीच्या जिन्यात बसून राहिले. काका म्हणाले, "माझं नाव बरोबर आहे. मालकाचं त्यात नाही, ते चूक आहे. चल, नंजनगूडला जायचंय."

भाग्यम्माच्या गल्लीत ते पहिल्या दारात उभे राहिले. एक म्हातारी बाहेर आली. तिचा मुलगा गेला होता. काकांनी आपण कोण ते सांगितलं, भिंतीवरचं वाक्य कोणाचं ते सांगितलं, शाबास कोण म्हणालं ते सांगितलं. म्हातारीने पायातली चप्पल काढून त्यांच्या छातीवर मारली. मी पुढे झाले तर त्यांनी मला हाताने मागे सारलं, त्या पहिल्या सकाळी कुकरपासून सारलं होतं तसंच. मग ते दुसऱ्या दारात गेले. तिथे दार उघडलंच नाही. त्यांनी बंद दाराला सगळं सांगितलं.

पुढच्या उगादीला भाग्यम्माचा फोन आला. म्हातारीकडून बेवु-बेल्ला आलं होतं. ताटली उंबऱ्यावर ठेवून ती न बोलता गेली, पण ठेवून गेली. दुसऱ्या घरातून काही आलं नाही.

मी अंगणात जाऊन काकांना सांगितलं. ते बराच वेळ खुर्चीचा हात चोळत राहिले.

"चाकाला लागलं म्हणायचं थोडं," म्हणाले. "अल्वा?"

या वेळी मी उत्तर दिलं. हो म्हटलं. पण मालक अजून बागेत मुलांना ट्रॉल्यांवर बसवतो, आणि त्याचा बॉयलर नवा आहे. हे मी विसरलेले नाही, आणि म्हणून अजून पत्रकं लिहिते.

शेवटच्या वर्षात त्यांचे कान गेले. मौनी क्लबातल्या कुणाला तरी दिली होती. अंगणातली खुर्ची आत आली, मग खुर्चीची खाट झाली. तरी सकाळ झाली की ते खिडकीतून समोरच्या घराकडे बोट करायचे आणि माझ्या ओठांकडे बघत विचारायचे, "शिट्टी झाली का?"

मास्तरीणबाई एकदा मला म्हणाल्या, "अगं, हो म्हणून टाक. त्यांना कुठे कळतंय?"

मी खिडकीशी उभी राहायचे. कधी कधी खूप वेळ लागायचा. ते वाट बघत बघत दमून जायचे. पण शिट्टी ऐकू येण्याआधी मी एकदाही हो म्हटलं नाही.